चोवीस मॉप

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मोठ्या सिस्टरांनी सर्जन सरांचा टाके घालायला निघालेला हात थांबवला. टेबलावर एका शाळेतली शिपाईबाई भुलीत होती, पोट अजून उघडं. रक्त टिपायला आत घातलेल्या कापडी घड्या, म्हणजे मॉप, किती गेले नि किती बाहेर आले, ते जुळत नव्हतं.

मोजायची रीत सोपी. मॉप पाच-पाचच्या जुडीत येतात. जुडी फोडली की सिस्टर मॉप मोजायच्या आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहायच्या. बावीस वर्षांत फळ्यानं कधी दगा दिला नव्हता. पण मागच्या आठवड्यात सर स्मरणशक्तीचं दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि आल्या आल्या त्यांनी फळा उतरवला. "मेंदूला मर्यादा नसते, सिस्टर. आळशांना असते." दोन दिवसांत माणूस धड पोहायला शिकत नाही, हे गृहस्थ अमर्याद होऊन आले होते.

"सर, बाहेर आलेले ट्रेमध्ये चोवीस आहेत."

"वीस," सर मान वर न करता म्हणाले. "शिबिरात शिकवलं तसं डोक्यात माझं घर उभं केलंय, जुडी आली की एका खोलीत ठेवायची. पहिली जुडी हॉलमध्ये, दुसरी स्वयंपाकघरात, तिसरी बेडरूममध्ये, चौथी गॅलरीत. चार खोल्या, चार जुड्या."

"मग हे चार वरचे कुठून आले? पिलं घातली का मॉपनी?"

सरांनी आता मान वर करून ट्रेकडे पाहिलं. शिबिरात हा प्रश्न आला नसावा.

"मध्येच रक्त उसळलं, तेव्हा मी पाचवी फोडून दिली," सिस्टर म्हणाल्या. "पंचवीस झाले. एक आत आहे."

"बाथरूम नाही वाटतं हो तुमच्या घराला?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाल्या.

"आहे ना!" सरांचा चेहरा मास्कमधूनही उजळलेला दिसला. "पाचवी बाथरूममध्येच ठेवली होती. तिथं चारच आहेत. कारखान्यातून जुडीच कमी आली. मला स्पष्ट दिसतंय."

सिस्टरांना त्यांची कीव करायचीही इच्छा होईना. माणसाला डोक्याचा एवढा माज, आणि ते डोकं मागाल ते चित्र काढून देणारं! "पाच होते," त्या म्हणाल्या. "फोडताना मी स्वतः मोजले."

आणि बोलता बोलता त्या अडखळल्या. मोजले होते? एका हातात रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी, सर ओरडतायत, "वेळ खाऊ नका, द्या इकडे!" तरी बोटाखालून सरकलेले पाच त्यांना स्पष्ट आठवत होते. सरांना बाथरूम दिसत होती, अगदी तितकीच स्पष्ट. फळा उतरवला तेव्हा त्याही मुकाट बसल्या होत्या. नोकरी प्यारी होती.

"एक्स-रे काढल्याशिवाय टाका घालू देणार नाही," त्या म्हणाल्या. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो.

सरांनी हात घालून पोट पुन्हा चाचपलं. काही लागलं नाही. एक तीसला फिरतं मशीन आलं. फोटोत डाव्या बाजूला एक बारीक रेघ होती. सर म्हणाले, चादरीची चुणी. डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. चादर ताणून दुसरा फोटो घेतला.

एक बावन्नला पोट उघडंच होतं. दुसरा फोटो अजून यायचा होता.