निळी ओळ कुठे नेते

सकाळी माहितीपुस्तक रुग्णालयाकडे गेलं आणि तेव्हापासून ताईचा पाय एका जागी ठरेना. तिची कंपनी सलाईनचे पंप बनवायची आणि पंप कसा वापरायचा, हे पडद्यावर वाचायचं पुस्तक ताई लिहायची. पुस्तकातले दुवे, म्हणजे दाबलं की नेमक्या मजकुराकडे नेणाऱ्या निळ्या ओळी, तपासणारा प्रोग्राम सगळं हिरवं दाखवत होता. तरी ती भरलेली बाटली पुन्हा भरायला उठली.

"ताई, बसा की. तुमच्या फेऱ्यांनी माझे पाय दुखायला लागलेत," समोरचा प्रोग्रामर म्हणाला. त्याला सगळे चष्मा म्हणत, कारण तो दिवसभर तोच शोधत असे.

"काहीतरी राहिलंय रे."

"हिरवं आहे ना?"

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती त्याच रुग्णालयात नर्स होती. तिच्या वॉर्डात आज पहिल्यांदा नवा पंप लागणार होता.

"अगं, तुझं पुस्तक टॅबवर आलं. या खेपेला माणसांच्या भाषेत लिहिलंस हो. फक्त 'नळीत हवा दिसली तर' ही निळी ओळ दाबली, की पानाच्या सुरुवातीलाच जातं. मला वाटलं, आधी सगळं वाचा आणि मगच हात लावा, असं तुझं नेहमीचं असेल."

ताईने बाटली टेबलावर ठेवली. "टॅब कुठेय?"

"खाली ऑफिसात. वॉर्डात नेट नाही, म्हणून इथूनच भरून नेतो. का गं?"

"वर नेऊ नकोस. नवं पाठवते."

ती ओळ ज्या भागाकडे न्यायची, त्याचा मथळा कालपर्यंत 'वायुप्रवेशाचे निवारण' असा होता. "हे वाचेपर्यंत पेशंट घरी जाईल," असं बहिणीने चिडवलं, म्हणून ताईने तो सोपा केला. इतर पानांवरच्या निळ्या ओळींचे दिसणारे शब्दही बदलले. त्यांच्यामागचा पत्ता मात्र जुनाच राहिला.

"हे बघ," ती चष्म्याला म्हणाली. "पान म्हणजे घर आणि मथळा म्हणजे आतल्या खोलीवरची पाटी. आपल्या फाइलीत खोलीचा पत्ता पाटीच्या शब्दांवरून आपोआप बनतो. मी पाटी बदलली, पत्ता बदलला. दुवे अजून जुन्याच खोलीची चौकशी करतायत. वाचणारा घरात येतो आणि दारातच उभा राहतो."

"आणि माझी तपासणी घर आहे का, तेवढंच बघते," चष्मा पुटपुटला. "मग जुना मथळा परत टाका. चुटकीसरशी होईल."

"आणि पेशंट घरी जाईल. नको. शिवाय उद्या दुसरं कोणी पाटी बदलेल."

तिने त्या मथळ्याच्या वर एक छोटी कायमची खूण लिहिली, 'नळी-हवा'. शब्द कितीही बदलले तरी खूण तीच राहणार. मग ती प्रत्येक दुवा त्या खुणेकडे वळवत गेली. बाकीच्या मथळ्यांनाही खुणा दिल्या. मधूनच फोनकडे बघायची, चुकीची ओळ खोडायची, पुन्हा लिहायची. चष्म्याने तपासणीला खोल्याही बघायला शिकवलं, तेव्हा पडद्यावर एक लाल ओळ उगवली, आणखी एक चुकलेला दुवा.

"बघा, माझ्यामुळे सापडली."

"तुझ्यामुळेच लपली होती. हलव हात."

नवं पुस्तक गेलं. ताईने फोन लावला. "दाब."

"दाबलं. आलं बाई. 'पंप थांबवा. नळीचा चिमटा लावा.' झालं समाधान?"

"आता दुसऱ्या पानावरून दाब."

"तू माझी परीक्षा घेतेयस की पुस्तकाची?" पण तिने दाबलं. "आलं. जाते मी, डॉक्टर बोलावतायत."

फोन बंद झाला. ताईने पुस्तक स्वतःच्या पडद्यावर उघडलं आणि पहिल्या पानापासून एकेक निळी ओळ दाबत बसली. चष्मा घरी जायला निघाला, दाराशी थांबला आणि परत येऊन शेजारी बसला.

अंधार पडायच्या सुमारास बहिणीचा निरोप आला. 'नळीत बुडबुडा आला होता. काढला. पेशंट झोपलाय.'

ताईने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुढची ओळ दाबली.