वंगण दिसायला हवं

सकाळी सहाला अंडीवाली खुराड्याकडून अंड्यांचे ट्रे घेऊन आली, तेव्हा गाडीखालून नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते. पायाचे अंगठे हलत होते, म्हणजे स्वारी खुशीत होती. खाली उताणा पडून तो डाव्या चाकामागच्या फाटक्या रबरात बोटाने वंगण कोंबत होता.

चाक फिरवणारा जो दांडा असतो, त्याच्या सांध्यावर रबराचं टोपण असतं. मिस्त्री त्याला बूट म्हणतो. ते महिन्यापूर्वी फाटलं. चाक फिरलं की आतलं वंगण उडायचं आणि चाकाच्या आतल्या अंगाला काळा लेप बसायचा. काकू, आत्ता नुसतं रबर बदलून भागेल, पुढं सांधाच बदलावा लागेल, असं मिस्त्रीने तेव्हाच बजावलं होतं. पण नवऱ्याची उभी हयात बैलगाडी हाकण्यात गेलेली. चाकाच्या आखाला वंगणाची ओल दिसली की गाडीवान कामाचा, कोरडा आख म्हणजे मालक कंजूष, हे त्याचं शास्त्र. बैल विकून मोटार घेतली आणि ती चालवायला बायको शिकली, तेव्हापासून बिचाऱ्याला घरात फारसं कुणी विचारत नव्हतं. त्यात देवाने ही गळती दिली. रोज सकाळी डबा घेऊन तो गाडीखाली शिरायचा, बोटभर वंगण आणि त्याच बोटाला लागलेली अंगणातली माती आत भरायचा आणि धन्य व्हायचा.

गाडी मात्र उजवीकडे वळली की कटकट करायची. डावीकडे वळताना गप्प. अंडीवाली हुशार बाई. तिने बेकरीला जायचा रस्ताच असा बसवला की सगळी वळणं डावीच यावीत. त्यासाठी पाण्याच्या टाकीला पूर्ण वळसा घालून, गिरणीमागून, पुन्हा आपल्याच घरावरून जावं लागे. दुसऱ्यांदा गाडी दिसली की शेजारीण चहाचा कप हातात धरून विचारायची, काय गं, आज काय विसरलीस? यात वीस मिनिटं जात. बेकरीवाल्याला अंडी आठच्या आत लागत, आणि दोन दिवस ती सव्वाआठला पोचली होती. आणखी एकदा उशीर झाला तर पलीकडच्या गावच्या पोल्ट्रीला सांगेन, असं त्याने आवाज न चढवता सांगितलं होतं. कोंबड्यांचं खाद्य, घरातलं मीठमिरची, सगळं त्या एका बेकरीवर चाललेलं. शिवाय आवाज न चढवता बोलणारा माणूस बोलल्याप्रमाणे करतो, हे तिला ठाऊक होतं.

"अहो, आज मी सरळ रस्त्याने जाणार आहे," ती म्हणाली. "मग वाजो काय वाजायचं ते."

"मी येतो बरोबर. आख कसा बोलतो ते बघतो."

"तो कधीचा बोलतोय. तुम्ही ऐकत नाही."

नवरा मांडीवर ट्रे घेऊन शेजारी बसला. पहिल्या उजव्या वळणाला कटकट झाली, तेव्हा तो म्हणाला, भूक लागलीय त्याला, उद्या दोन बोटं जास्त घालू. दुसऱ्या वळणाला त्याने वरची अंडी बोटांनी सावरून धरली. तिसरं वळण बेकरीच्या गल्लीचं. तिथं भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलेना.

आठ वाजायला सात मिनिटं होती. अंडीवालीने दार उघडलं, चार ट्रे उचलले आणि चालू लागली. मागून नवरा चार ट्रे छातीशी धरून धापा टाकत आला. आठ वाजायला दोन मिनिटं असताना अंडी बेकरीच्या ओट्यावर पोचली. बेकरीवाल्याने आधी घड्याळ पाहिलं, मग अंडी पाहिली. वरच्या रांगेतल्या प्रत्येक अंड्यावर काळं बोट उमटलं होतं.

"हे काय?"

"ताजी आहेत," नवरा म्हणाला.

बेकरीवाला हसला नाही, पण ट्रे त्याने आत नेले. उद्या धुऊन आणा, एवढंच म्हणाला. उद्या म्हणाला म्हणजे बेकरी राहिली. अंडीवाली पायरीवरच टेकली.

मिस्त्रीने गाडी ढकलत आपल्या शेडमध्ये नेली, चाक उतरवलं आणि सांधा सोडवून फडक्यावर ठेवला. आतल्या गोळ्यांचे तुकडे झाले होते. त्याने त्यातलं चिमूटभर वंगण नवऱ्याच्या बोटांवर ठेवलं.

"काका, वंगण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. चोळून सांगा."

नवऱ्याने चोळलं. वाळू करकरली. त्याने पुन्हा चोळलं, जणू दुसऱ्यांदा वेगळं काही निघेल.

"अंगणातली आहे," शेवटी तो म्हणाला.

मिस्त्रीने नवा सांधा बसवला, वंगणाची पुडी आत पिळली, नवं रबर चढवून दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. एवढंसंच वंगण? नवऱ्याने विचारलं. एवढंच, आणि ते आतच राहायचं, मिस्त्री म्हणाला. बाहेरून कोरडं दिसलं की समजायचं सगळं ठीक आहे. बोट घालायचं नाही. परतताना नवरा सबंध रस्ता आपल्या बोटांकडे बघत होता, आणि अंडीवालीला, म्हटलं तर, थोडं वाईटच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रे घेऊन आली तर गाडीखाली कुणी नव्हतं. पाय दिसले ते कुंपणापलीकडे, शेजारच्या मास्तरांच्या मोटारीखाली. मास्तर वाकून, हात मागे बांधून, विद्यार्थ्यासारखे ऐकत होते.

"मास्तर, ओल दिसतेय. फाटलाय तुमचा बूट," खालून आवाज आला. "आजच मिस्त्रीकडे न्या. लोक काय करतात, वरून वंगण भरत बसतात. अडाणी असतात. आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे."

तो अनुभव परवा सकाळी साडेनऊला सुरू झाला होता. अंडीवालीने ते कुणालाच सांगितलं नाही. ट्रे मागच्या सीटवर ठेवले आणि गाडी सुरू केली.