सुनेच्या हातचं अंडं

पाहुण्यापुढे कच्चं ठेवायचं नाही, हे मला माझ्या सासूनं शिकवलं आणि तिला तिच्या सासूनं. मांस हाडावरून सुटेपर्यंत शिजवायचं, चहा उकळता ओतायचा. पाहुणा उठून गेल्यावर बाहेर काय सांगेल ते आपल्या हातात नसतं, पण त्या घरात सरपण नव्हतं असं तरी त्यानं सांगता कामा नये.

काराकोलमध्ये आमचं घर डोंगराकडच्या टोकाला आहे. उन्हाळ्यात वरच्या तळ्याकडे चालत जाणारे परदेशी आमच्याकडे उतरतात. अकरा खाटा आहेत. नवरा गेल्यावर हे सगळं मी उभं केलं, चौथीतून मेंढ्यांमागे धाडलेल्या बाईनं. सेयिलच्या घरी काही कमी पडलं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

माझा मुलगा तालाय तुर्कस्तानात समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात होता. शेजारणींना मी सांगायचे, साहेब आहे. खरं म्हणजे तो सकाळची न्याहारी बनवायचा, गोऱ्या लोकांची. दिवसाला चारशे अंडी. त्याची बायको बेगिमाय तिथंच भांडी धुवायची. तिला त्यानं मोरीतून उठवून शेगडीपाशी उभी केली आणि सगळं शिकवलं.

सुटीवर आला तेव्हा एकदा त्यानं माझ्यासाठी केलं. कवचाविना गरम पाण्यात सोडलेलं अंडं. पांढरं पिशवीसारखं मिटलेलं, चमचा लागला की थरथरणारं, आणि कापलं की आतलं पिवळं मधासारखं वाहणारं.

"आपा, एकच घास." आमच्यात आईला, सासूला आपा म्हणतात.

"मी काय कोल्हीण आहे, कच्ची अंडी खायला?"

तो हसला. त्यानं ते उचललं, तव्यावर टाकलं, दगड होईपर्यंत भाजलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी खाल्लं. त्याच्या हातचं मी खाल्लं ते एवढंच, आणि तेही त्याचं नव्हतं.

मग ती दोघं कायमची घरी आली, नात बेर्मेत झाली. ती चार वर्षांची असताना बोओमच्या खिंडीत मिनीबस उलटली, आणि त्यात तालाय होता.

वर्षाचं जेवण घातलं की आमच्यात विधवा सून मोकळी होते. माहेरी जावं, दुसरं घर बघावं, कोणी बोट दाखवत नाही. बेगिमाय एकोणतिसाची होती. ती राहिली. मागितलं एवढंच, की परदेशी पाहुण्यांची सकाळची शेगडी मला द्या. दिली. देताना तोंड वाकडं केलंच मी, खोटं कशाला बोलू.

गेल्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कची एक बाई आली, आनेलिसे नावाची. चार महिने फिरत होती. बेगिमायचं अंडं खाऊन तिनं डोळे मिटले आणि मोबाईलमध्ये बोलली. मोबाईल रशियनमध्ये म्हणाला, घर सोडल्यापासून असं खाल्लं नाही, सगळीकडे फक्त बिघडवलेलं मिळालं. दुसऱ्या सकाळी तिनं दुसऱ्या घरांत उतरलेले सहा जण बरोबर आणले.

त्याच सकाळी आमची शेजारीण कालिच दूध घेऊन आली होती. कालिचच्या तोंडात काही राहत नाही, दातसुद्धा राहिले नाहीत. तिनं बेगिमायच्या हातातल्या ताटल्या पाहिल्या. एका अंड्याचं पिवळं फुटून वाहत होतं.

"सेयिल," ती म्हणाली, "तुझ्याकडे लाकडं संपली की काय? माझ्याकडून घेऊन जायचीस."

मी उठले. सुनेच्या हातातल्या ताटल्या काढून घेतल्या, साती ताटल्यांतली अंडी कढईत ओतली आणि चांगली तांबूस होईपर्यंत परतली. बेगिमाय एकदाच म्हणाली, "आपा, ती लोकं याच्यासाठीच आलीत." त्यावर कालिच मिशीत हसल्यासारखी हसली, आणि माझ्या तोंडून गेलं, "ज्यानं शिकवलं तोही तसलाच. कच्चंच शिकला आणि कच्चाच गेला."

माझ्याच पोराबद्दल.

पाहुण्यांनी अर्धी अंडी सोडली, आभार मानले, गेले. दुपारच्या गाडीनं बेर्मेतला घेऊन बेगिमायही गेली. मी दारात येऊन म्हटलंसुद्धा नाही, कुठं चाललीस. मला वाटलं, दोन दिवसांत येईल.

फोन उचलेना. मीही रोज करत नव्हते, मला काय मान नाही? दीड महिना गेला. परदेशी गेले, डोंगरावर बर्फ उतरलं. मग मी नारीनला तिच्या माहेरी, तिच्या आईला फोन लावला.

"विहीणबाई, पोरगी तुमच्याकडे आहे का?"

"बिश्केकला आहे. सकाळी परदेशी लोक जिथं खातात तसल्या एका हॉटेलात रांधते. पुढचं विचारू नका, शपथ घातलीय मला."

"आणि बेर्मेत?"

"खाते, झोपते. आजीची आठवण काढते. ठेवते आता."

कुठल्या आजीची, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बिश्केकला माझी धाकटी बहीण तुर्सून राहते. तिला म्हटलं, गोरे लोक सकाळी कुठं खातात ते मला दाखव. तिनं आपल्या पोरीला विचारून दहाबारा नावं काढली.

"ताई, दारोदार सुनेला विचारत फिरणार तू?"

"विचारणार कशाला? सून पळाली म्हणून साऱ्या शहराला सांगू? अंडं मागवीन. तिच्या हातचं असलं तर कळेल."

"तू कधी खाल्लंयस तिच्या हातचं?"

मी बूट घालायला लागले.

पहिल्या ठिकाणी काचेचं दार, आत भिंतीला सायकल टांगलेली. वाढणारी पोरगी जवळ आली. "आजी, आमच्याकडे लगमान नाही हं."

"मी शेवयांचं लगमान मागितलं का गं? ते पाण्यातलं अंडं आण."

आणलं. वरून बरं दिसत होतं. कापलं तर आतलं पिवळं मेंढीच्या लेंडीसारखं घट्ट. एरवी मी म्हटलं असतं, छान शिजवलंय. आता ते पाहून मला राग आला. एवढे पैसे घेता, वरती सायकल टांगता, आणि अंडं बिघडवून देता.

दुसरीकडे पांढरं फाटून पाण्यात धागे झालेले, शिरक्याचा वास नाकात जाणारा. तिसरीकडे अंडं मऊ होतं, पण गार. खालचा पाव भिजून लगदा झालेला. शेजारच्या टेबलावरचा एक लांब दाढीचा गोरा माझ्याकडे बघून हसला, स्वतःच्या ताटलीकडे बोट दाखवून त्यानं मान हलवली. मीही हलवली. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण अंडं बिघडलंय यावर आमचं एकमत झालं. पोटच्या पोरानं ताटलीत घालून दाखवलं तेव्हा मला जे कळलं नाही, ते मी आता परक्या गावात दुसऱ्यांच्या चुका खाऊन शिकत होते.

तिसऱ्या दिवशी तुर्सून म्हणाली, "ताई, तुझं पोट फुटेल."

"फुटलं तर शिवून घेईन."

त्या दिवशीचं ठिकाण लहान होतं, चिनारांच्या रस्त्यावर. आत सात टेबलं, सगळी भरलेली, सगळे परदेशी, आणि गंमत म्हणजे सगळे गप्प. खाणारी माणसं गप्प असली की समजावं. मी कोपऱ्यात बसले. ताटली आली. अंड्याला मी हात लावला नाही, कारण बाजूला बटाट्यांचा लहानसा ढीग होता. मेंढीच्या शेपटीच्या चरबीत तळलेले, कांदा जळायच्या एक पाऊल अलीकडे थांबवलेला, जिरं शेवटी टाकलेलं. असे बटाटे कुठलं हॉटेल करत नाही. असे मी करते. घरी ते कढईपाशी कुणालाच करू देत नाही.

मग अंडं कापलं. पिवळं सावकाश आलं, घाई न करता. बिस्मिल्ला म्हटलं आणि खाल्लं. मीठ बेतानं होतं. आतून गरम होतं, म्हणजे कच्चं नव्हतं. कधीच कच्चं नव्हतं ते. आच कुठं थांबवायची ते तालायला कळत होतं, मलाच कळत नव्हतं. ताटली पावानं पुसून खाल्ली. बराच वेळ मान वर केली नाही, लोक होते.

वाढणाऱ्या पोरीला म्हटलं, "रांधणारीला बोलाव. काराकोलची सेयिल आलीय म्हण."

बेगिमाय आली. डोक्याला पांढरी टोपी, बाह्या वर सारलेल्या. वाळली होती. ताटलीकडे आधी बघितलं, मग माझ्याकडे.

"खाल्लंत?"

"खाल्लं."

"सगळं?"

"दिसत नाही का?"

ती उभीच राहिली. आमच्यात थोरल्यांनी माफी मागायची रीत नाही, धाकट्यांनी समजून घ्यायचं असतं. ही रीत थोरल्यांनीच घातली असणार.

"बटाटे माझे आहेत," मी म्हटलं.

"तुमचेच. तो तुर्कस्तानातही करायचा. चरबी मिळायची नाही, मग लोण्यात. म्हणायचा, ताटलीत आपाचं एवढं तरी असू दे."

मी आधीच पुसलेली ताटली पुन्हा पावानं पुसली.

मग म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. त्याच्याबद्दल. तुझ्यासमोर, आणि त्या कालिचसमोर."

"कालिचचं काय एवढं."

"कालिचचंच सगळं होतं. घरी चल."

"घरी जाऊन काय करू? उद्या पाहुणे येतील, मी ताटली भरेन, तुम्ही कढईत ओताल."

"नाही ओतणार."

"तुमचा हात तुमचं ऐकत नाही, आपा. मला माहितीय."

खरं होतं. स्वयंपाकघराचं दार उघडून ती म्हणाली, "आत या."

स्वयंपाकघर आमच्या कोठीएवढं. तिनं मला एप्रन बांधला. साठ वर्षं मी कुणाकडून काही बांधून घेतलं नव्हतं. पातेल्यात पाणी नुसतं हलत होतं, उकळत नव्हतं.

"जास्त पेटव की," मी म्हटलं.

"नको. बघा फक्त."

पहिलं मी वरून टाकलं, ते फुटलं. दुसरं वाटीतून सोडलं, ते पातेल्याला चिकटलं. मागं भांडी धुणारा पोऱ्या हसला तशी बेगिमायनं त्याला अशी नजर दिली की मला माझी नजर आठवली. तिसरं अंडं पाण्यात गोळा झालं, पांढरं मिटत आलं.

"काढा," ती म्हणाली.

माझा हात थांबला. आत कच्चं होतं ते दिसत होतं मला, थरथरत होतं. सासू आणि तिची सासू दोघी माझ्या मनगटाला धरून उभ्या होत्या. अजून एक मिनिट, एवढंच.

"आपा. काढा."

काढलं.

तिनं ते पावावर ठेवलं, मीठ माझ्याकडून घालून घेतलं आणि ताटली खिडकीतून पुढे सरकवली. चार नंबरच्या टेबलाला. मी खिडकीतून बघत राहिले. एक म्हातारी गोरी बाई होती, माझ्याच वयाची. तिनं कापलं, जरा थांबली, आणि खायला लागली. अंडं परत आलं नाही.

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू," बेगिमाय हात पुसत म्हणाली. "इथं मला पगार आहे. पोरीचं नाव बालवाडीत घातलंय."

"बघू," मी म्हटलं. मला अजून दोन वाक्यं भांडता आलं असतं. गिळली.

ती परत शेगडीकडे वळली. पाच अंड्यांची मागणी आली होती. पाठमोरीच म्हणाली, "चारला सुटते बेर्मेत. आज मला उशीर होईल. तुम्ही जाता का आणायला?"

"जाते."

तिनं चिठ्ठीसाठी कागद ओढला, पेन टेकवलं, आणि मग, माझी चौथी आठवली असावी, कागद बाजूला सारला. माझ्याकडे न बघता तोंडानंच सांगायला लागली. बाहेर पडून डावीकडे चिनार संपेपर्यंत, मग कलिंगडवाल्याचं बंद खोकं, त्याच्या पुढे निळं फाटक. फाटकापाशी रखवालदार विचारील कोण, तर सांगा, आजी.