नमुन्याचं ताट

सोळा वर्षं आमच्या शाळेची खिचडी चांदबीनं शिजवली आणि एकही मूल उपाशी गेलं नाही. पण वर कुणाला तरी वाटलं की पोषण आहाराला शिस्त हवी, आणि शिस्त म्हणजे फौज. निवृत्त सुभेदार वीरधवल दोन फौजी आचारी घेऊन आले, स्वयंपाकखोलीचा ताबा घेतला आणि चांदबीला भांडी घासायला बसवलं. मी मुख्याध्यापिका, आणि मी गप्प राहिले. त्याची मला अजून चीड येते.

चांदबी तांदूळ घ्यायची ते व्हरांड्यातल्या चपला बघून. जोडामागं दोन मुठी, आणि वर दहा मुठी धनगरवस्तीवरच्या पाच पोरांसाठी. ती पोरं मेंढरं रानात लावून अकराला यायची, तीही अनवाणी. सुभेदार दहाच्या हजेरीवर शिजवायचे. मी दोनदा सांगून पाहिलं. फौजेत लंगर, म्हणजे जेवण, हजेरीवरच चालतो, असं त्यांनी मला दोन्ही वेळा ऐकवलं.

गुरुवारी त्या पाचांतली एक, धुळाची पोरगी अपेक्षा, तिसरीतली, रांगेत शेवटी आली तेव्हा पातेलं रिकामं होतं. आचारी म्हणाला, संपलं. पोरगी रडली नाही, ताटली पोटाशी धरून उभी राहिली. समोरच्या फळीवर मात्र एक भरलेलं ताट सीलबंद होतं. कुणाला बाधलंच तर तपासायला नमुना म्हणून चोवीस तास ठेवायचं आणि मग खड्ड्यात पुरायचं. नियम वाईट नाही, पण नमुन्याला वाटीभर पुरते. अख्खं ताट कशाला?

चांदबीनं हात धुतले, सील फोडलं आणि ताट पोरीपुढं ठेवलं.

सुभेदार लालबुंद झाले. बाईनं नमुना चोरला, हिला आजच काढा, तसं लेखी द्या, म्हणाले.

"काढा की सायेब," चांदबी म्हणाली. "पर हिचं खाऊन हूंद्या."

तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. मी खिचडी चाखून रोज शेरा लिहायची ती चव-नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'नमुना आज तपासला. मीठ बरोबर. पाच मुलं रोज कमी धरली जातात.' चव घेणाऱ्याच्या रकान्यात अपेक्षानं बोटं चाटून सावकाश नाव लिहिलं, पुढं इयत्ता तिसरी.

"हे माझं लेखी," मी म्हणाले. "चांदबीला काढायचं तर याच पानावर सही करा."

त्यांनी पेन काढलं, पान दोनदा वाचलं आणि पेन परत खिशाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदबी व्हरांड्यात चपला मोजत होती. फौजी आचारी तिच्यामागं तांदळाचं घमेलं धरून उभा होता.