जित्या इनासाची मरणघंटा

बस्त्यावच्या डोक्यात त्याचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, इनास आजवर इतक्या वेळा बुडाला होता, की खऱ्या दर्यात तेवढ्या वेळा बुडाला असता तर दर्याच कंटाळून म्हणाला असता, बाबा रे, आता दुसरा कोणीतरी पाठव.

बस्त्याव तारकर्लीच्या वाटेवरच्या लहानशा चर्चची घंटा वाजवायचा. घंटा एक, दोर एक, फक्त हाताची चाल वेगळी. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा, म्हणजे आमोरी, उड्या मारत वाजते. मरणाची घंटा एक ठोका देते आणि मग इतकी थांबते, की माणसाला वाटावं संपलं. तेवढ्यात दुसरा पडतो. बायको नातालीन गेली तेव्हा तिची घंटा बस्त्यावनेच वाजवली. तेव्हापासून त्याचा हात त्या चालीतून सुटलाच नाही. चहा ढवळायचा तोसुद्धा तसाच. एकदा चमचा वाजे आणि ऐकणारा वाट बघत बसे.

त्याची काळजीही मोठी तयारीची. बंदरावर वादळाचा बावटा चढायचा त्याआधी तो बस्त्यावच्या पोटात चढलेला असे. त्याने नुसतं बघितलं तरी शेजारच्या काशीबाईची म्हैस दूध चोरते, असं चर्चसमोरचा चहावाला बाबली शपथेवर सांगे. आणि हा बाबलीच त्याचा रोजचा छळ. मालवणी मुलखात दोन माणसं एकमेकांना ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय भेटत नाहीत. त्यात राग नसतो, माया असते. पण सकाळी इनास होडीवर निघाला की बाबली हटकून ओरडे, “काय मेल्या, चललंस?” आणि बस्त्यावच्या हातातला चहा बशीत सांडे.

“तेका तसा म्हणा नको रे!”

“मगे काय म्हणू? चिरंजीव?”

गेल्या ऑक्टोबरात एकदा दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या आल्या, इनासची आली नाही. फोन लागेना. बस्त्याव घंटेखाली उभा राहिला. त्याने दोर धरला तो आधाराला म्हणून. पुढचं हाताने केलं. एक ठोका पडला. थांबला. दुसरा पडला.

गावाने घंटा ऐकली आणि बस्त्यावचा चेहरा बघितला. विचारायला कुणी थांबलं नाही. बाबलीने स्टोव्ह विझवला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून काशीबाईने पेजेचं टोप आणून ठेवलं. बस्त्यावच्या घरी मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना सुरू झाली. आणि ऐन प्रार्थनेत इनास दारात उभा. होडी देवगडच्या बंदरात आसऱ्याला थांबली होती, तिथून तो एसटीने आला होता. अंगणातल्या चपला बघून त्याने हळूच बाबलीला विचारलं, “कोण गेलो रे?”

बाबलीने मेणबत्ती वर करून बघितलं. “तू,” तो म्हणाला.

इनास मुळात सभ्य. प्रार्थना मोडू नये म्हणून तो मागे बसला, स्वतःच्या आत्म्याला शांती मागून झाली तेव्हाच उठला, आणि भूक लागली होती म्हणून स्वतःच्याच मरणाची पेज दोन वाडगे जेवला. गाव पुढे महिनाभर हसलं.

त्या संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर मात्र इनास हसला नाही.

“पप्पा, मी दर्यार मरतलंय तेव्हा मरतलंय. तू माका रोज मारतंस.”

“मी मुद्दाम करतंय काय रे? इचार येतत.”

“येतत. पण तू तेंका बसवन चाय पाजतंस.” इनासने वाडगा बाजूला सारला. “होडयेत बसल्यार माका वाऱ्याची भीती वाटणा नाय, तुझी वाटता. आमच्या होडयेच्या तांडेलान सांगल्यान, बापाक सांबाळ, नायतर होडी सोड. परत असा झाला तर मी घर सोडून जातलंय. खंयच्या बंदरार, ता पण सांगूचंय नाय.”

इनास कमी बोलणारा, आणि बोललेलं करणारा. बस्त्यावला ती रात्र लांब गेली.

दुसऱ्या दिवशी तो चर्चची चावी घेऊन फादर बेंजामिनपुढे उभा राहिला. फादर वसईकडचे, तीन गावांची चर्चं एका स्कूटरवर सांभाळणारे; त्यांच्या डोळ्यांखाली कायम सावली.

“दोर दुसऱ्याक द्या, फादर. माझो हात इटाळलो.”

फादरनी चावी घेतली नाही. बाकावर सरकून जागा केली. “प्रार्थना करता ना, काका?”

“दिवसभर.”

“काय म्हणता?”

“म्हणतंय, जेजू, वारो सुटलो. जेजू, फोन लागणा नाय. जेजू, होडी उलटली असतली.”

“म्हणजे तुम्ही येशूला बातम्या देता. त्यासुद्धा न घडलेल्या.”

बस्त्याव चिडला. “तेका काय! बायबलातल्या वादळात तो होडयेत उशी घेवन निजलो होतो. तेची माणसा बोंबलत होती आणि तो निजलो. माका समाजणा नाय, झोप लागली कशी?”

“दमला असेल.”

“दमलंय तर मी पण. माका नाय लागणा.”

“आपण देवबापाच्या हातात आहोत हे त्याला माहीत होतं,” फादर म्हणाले. “तुम्हांला वाटतं, तुम्ही डोळा मिटलात की इनासची होडी धरायला कोणी नाही. काका, ती होडी तुम्ही कधीच धरली नव्हती.”

बस्त्यावने चावी पुन्हा खिशात ठेवली.

“मन एका दिवसात नवं होत नाही. माझंही अजून झालेलं नाही,” फादर म्हणाले. “एवढं करा. घंटेआधी रोज, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी चांगलं जेजूला सांगा, आभार माना, मग दोर ओढा. न पाहिलेलं डोक्यात आलं तर भांडत बसू नका. म्हणा, हे मी पाहिलेलं नाही, हे तुझ्याकडे ठेव.”

पहिल्या संध्याकाळी बस्त्यावला चांगलं असं काही आठवेना. शेवटी तो म्हणाला, “जेजू, बाबलीन आज गाळणी धुतल्यान. देव बरें करूं.” आभार मानून झाले तसा त्याने दोर ओढला.

काम सोपं नव्हतं. एक विचार जेजूच्या हवाली करावा तर दुसरा दारात उभा, आणि पहिला मागल्या दाराने परत. तरुणपणी दर्यावर जाळी ओढूनही बस्त्याव इतका दमला नव्हता. काही दिवस तर तो दोराला कपाळ टेकून नुसतं म्हणे, “दमलंय, जेजू.” याला प्रार्थना म्हणतात का, हे त्याने फादरना विचारलं. फादर म्हणाले, ते स्वतः बऱ्याचदा हीच करतात. नाताळ गेला, आंब्यांना मोहोर आला. एके सकाळी बस्त्यावच्या लक्षात आलं की इनास निघून गेला, बाबली ओरडून झाला, आणि आपला चहा बशीत नाही, पोटात आहे. त्या संध्याकाळी त्याने चहाचे आभार मानले.

मग मे महिना आला आणि बंदरावर बावटा चढला.

होड्या परतल्या. इनासची नाही. फोन लागेना. आमोरीची वेळ झाली तशी माणसं एकेक करून बाबलीच्या टपरीवर जमली. चहाला कुणी तोंड लावलं नाही. सगळ्यांच्या नजरा बस्त्यावच्या हातावर. परत मरणाची घंटा वाजली तर इनास घर सोडणार, हे एव्हाना अख्ख्या गावाला पाठ होतं.

बस्त्यावने दोर धरला. धरल्याबरोबर हाताला जुनी चाल आठवली. डोळ्यांपुढे होडी उलटी झाली.

“ह्या मी बघूक नाय,” तो पुटपुटला. “तुझ्याकडे ठेव.”

इनासची टोपी पाण्यावर तरंगत आली. “ह्या पण ठेव.” नातालीनशेजारी खणलेली माती दिसली. “ह्या पण.” त्या संध्याकाळी जेजूच्या हातात इतकं सामान जमलं, की दुसरा कोणी असता तर त्याने हमाल बोलावला असता. आता बघितलेलं सांगायचं राहिलं.

“सकाळी इनास जितो गेलो,” तो म्हणाला. “भाकरी उभ्यानच खाल्ल्यान. जाताना माझ्या खांद्यार हात ठेवल्यान. ह्या मी बघलंय. देव बरें करूं.”

आणि घंटेने उडी मारली. एक, लगेच दुसरी, लगेच तिसरी. आमोरी! टपरीने सोडलेल्या सुस्काऱ्याने बाबलीचा स्टोव्ह विझला म्हणतात.

बस्त्यावला आनंदबिनंद काही झाला नाही. फार दमला होता तो. चर्चच्या पायरीवर बसला, भिंतीला डोकं टेकलं, होडी कोणाच्या हातात आहे ते एकदा स्वतःला सांगितलं, आणि डोळे मिटले.

बाबली चहा घेऊन आला. “बस्त्यावा, घे.”

उत्तर नाही. तोंड उघडं, मान कलती. बाबलीने हलवलं, गदागदा हलवलं. नातालीन गेल्यापासूनची साठलेली झोप ती. इतक्यात थोडीच सुटणार? होडी दर्यावर असताना बस्त्याव झोपेल, हे गावाच्या कल्पनेतही बसत नव्हतं. मग उरलं एकच.

“बस्त्याव गेलो रे!” बाबली किंचाळला आणि त्याने दोराला झोंबी घेतली. वाजवायची चाल त्याला ठाऊक नव्हती. लग्न, मरण आणि आग, सगळं एकदम वाजलं.

इनासची होडी नुकतीच वाळूला लागली होती. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या होडीने तिला ओढत आणलं होतं. घंटा ऐकून तो तसाच ओला धावत सुटला.

बस्त्यावने डोळे उघडले तेव्हा सभोवती माणसं होती आणि त्याच्या पायांशी इनास गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा रडत होता.

“कोण गेलो रे?” बस्त्यावने घाबरून विचारलं.

“तू,” बाबली म्हणाला. दोर अजून त्याच्या हातात होता.

“पप्पा, माका वाटला...” इनास त्याचे पाय धरून म्हणाला.

“वाटला?” बस्त्याव हळूहळू, हातपाय गोळा करत उठला. “बघलंस काय?”

इनासने नकारार्थी मान हलवली, ओल्या बाहीने नाक पुसलं. बस्त्याव त्याच्याकडे बघत राहिला. केसांत मीठ, एका पायात चप्पल, छाती भात्यासारखी वरखाली होणारी. एवढं बघून झाल्यावर त्याने पोराच्या खांद्यावर आपला सगळा भार टाकला.

“चल, मेल्या,” तो म्हणाला. “घराकडे पेज निवाक लागली.”

बस्त्यावच्या तोंडून ‘मेल्या’ ऐकून बाबलीच्या हातातून दोर सुटला आणि घंटा आपसूक एकदा वाजली. कोणासाठी, ते कुणी विचारलं नाही.