मे महिन्यातला झेंडू

साहेब, तुम्ही पाहिलं आणि गप्प बसले. मशीन तुमचं होतं, कागद तुमचा होता, आणि दर शंभरामागं कापलेले दोन रुपयेही तुमच्याच गल्ल्यात गेले. मे महिन्यात आमच्याकडं झेंडू धरत नाही, धरला तर सकाळच्या उन्हातच करपते. हे आमच्या ठेल्यासमोर लिंबूपाणी विकणाऱ्यालाही माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं असं मला सांगू नका.

माझी बायको शकुन अमरावतीत राजकमल चौकाच्या अलीकडं फुलं विकते. मी तिवश्याजवळ दीड एकरात झेंडू आणि शेवंती लावतो. ठेला तिच्या नावाचा, खातं तिच्या नावाचं, मशीनही तिच्याच नावाचं. वर्षभर त्या ठेल्यावर तेलमीठ निघते, पण वर्ष निघते ते नवरात्र आणि दसऱ्यावर, आणि ते पैसे या एकाच खात्यात येतात. म्हणून शकुन त्या खात्याला फार जपायची. पासबुकाला ओला हात लावत नव्हती, आणि फुलवालीचा हात कोरडा असते कधी?

कार्ड घासायचं मशीन घ्या म्हणून तुमच्या बँकेचाच माणूस मागं लागला होता. शकुन त्याला म्हणाली, "दहा रुपयाच्या हाराले कोन कार्ड घासते, बाप्पा?" खरंच कोणी घासलं नाही. तिनं मशीनवर प्लास्टिकची पन्नी चढवून ते हारांच्या मागं ठेवून दिलं.

मग माझा धाकटा भाऊ मनोज आला.

मनोज अकोल्याला जठारपेठेत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. शोरूममध्ये हप्त्यानं ट्रॅक्टर विकतो. त्याच्या पोरीच्या वाढदिवसाला आम्ही दोघं गेलो होतो. खोटं कशाला बोलू, माझे डोळे फाटले. भिंतीएवढा टीव्ही. भांडी घासायचं मशीन, त्यातून भांडी घासून, वाळून, गरम गरम बाहेर येतात. फुग्यांची कमान पहिल्या मजल्यापासून वर चढत आलेली. शकुन सोफ्यावर टेकली तर सोफा तिच्यासकट झुल्यासारखा मागं गेला आणि तिचे पाय वर आले. साडी घोट्यावर दाबून धरत ती मला म्हणाली, "अजी, हे खुर्ची हाये का पायना?" मनोजची बायको गीतांजली पोट धरून हसली, पण मग तिनंच हात देऊन शकुनला उतरवलं आणि स्वतःच्या हातानं केक भरवला. वाईट बाई नाही ती. आजही नाही म्हणत.

परत येताना एसटीत मूर्तिजापूर आलं तशी शकुन माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "एकाच मायच्या पोटचे तुमी दोघं. आपन कुठं चुकलो असन?" मी मनातून खूश होतो. बापाच्या बियाण्यातला एक दाणा तरी एवढा वर गेला.

पुढच्या रविवारी मनोज गाडी घेऊन ठेल्यावर हजर. शकुननं घाईघाईनं गुलाब बाजूला काढले. त्याला गुलाब नको होते, त्याला मशीन पाहिजे होतं. त्यानं समजावून सांगितलं की मी माझं क्रेडिट कार्ड घासतो, पैसे तुझ्या खात्यात येतील, ते काढून तू मला रोख दे. बँक कापते ते मी सोसतो. अकोल्याचे दुकानदारही करून देतात, पण वरून आपलं कमिशन घेतात, वहिनी थोडीच घेणार आहे.

शकुननं पन्नी काढली. मशीन घरघरलं आणि कागद निघाला. चाळीस हजार रुपये. ठेल्यावर त्या वेळी सगळी मिळून दोन टोपल्या फुलं होती.

"आन फुलं?" शकुननं विचारलं.

"फुलं राहू दे वहिनी. कागद निघाला ना."

साहेब, मी मातीतला माणूस आहे. बी टाकल्याशिवाय काही उगवते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. शकुन तो कागद उलटा करून पाहून राहिली, मागं काही लिहिलं आहे का म्हणून. मागं कोरं होतं.

मग तो येतच राहिला. एप्रिल आला, मे आला. अकोल्यात डांबर वितळत होतं, ठेल्यावर ओल्या गोणपाटाखाली चार हार आणि तुळशीची जुडी, आणि मशीनमधून आमच्या विक्रीचा पूर वाहत होता. एका रविवारी साठ हजारांचा कागद निघाला. मी वावरात बसून जोखलं. आमच्या बाजारभावानं साठ हजारांचा झेंडू म्हणजे चार टन. चार टन झेंडू, साहेब. ज्या ठेल्यावर दोघं उभे राहिलो तर कोपराला कोपर लागते, तिथून, मे महिन्याच्या भर दुपारी, एका माणसानं, एका मिनिटात विकत घेतला आणि खिशात घालून गेला. मी डोळे मिटले की मला तो झेंडू दिसायचा. राजकमलपासून अंबादेवीपर्यंत रस्ता घोट्याएवढा पिवळा, ऑटोची चाकं रुतलेली, पोलीस फुलांत उभा राहून शिटी वाजवून राहिला. एवढी फुलं मी काय, माझ्या बापानं, आज्यानं मिळूनही पिकवली नाहीत. आणि त्या सगळ्यांवर तुमचं मशीन शिक्का मारत होतं, मंजूर, मंजूर, मंजूर.

एकदा गीतांजली सोबत आली होती. तिनं शकुनला सगळं फिरवणं समजावलं. कार्डं सात. टीव्ही एकावर, चिखलदऱ्याची सहल दुसऱ्यावर, पोरीच्या शाळेची फी तिसऱ्यावर, आणि उरलेली एकमेकांना पाजायला. कोणाचं बिल कधी निघते, कोणतं कोणातून भरायचं, कोणतं कधी रिकामं होते, सगळं तोंडपाठ. शकुन आ वासून ऐकत होती. मग म्हणाली, "इतका अभ्यास माह्या सासूनं चतुर्थीचाई नव्हता केला." गीतांजली हसली आणि हसता हसता म्हणाली, "आता आमी नवीन काईच घेत नाई, ताई. नुसतं फिरवतो."

मी ते ऐकलं तेव्हा कळलं. ज्याला मी चढणं समजत होतो ते फिरणं होतं. कोरड्या विहिरीवर रहाट चालला होता, आणि दर फेऱ्याला दोन रुपये मात्र खरे सांडत होते, तुमच्या ओंजळीत.

पितृपक्षात फुलांचा बाजार मेलेला असते. त्याच पंधरवड्यात तुमचा माणूस सत्कार घेऊन आला. शाल, नारळ आणि गुच्छ. गुच्छ प्लास्टिकच्या फुलांचा. फुलवालीला. त्यानं सांगितलं की छोट्या दुकानदारांत मशीनवरच्या विक्रीत शकुन जिल्ह्यात पहिली आहे, फोटो वर जाणार आहे. तुमच्याकडंच, साहेब. त्यानं रिकाम्या टोपल्या पाहिल्या, गोणपाट पाहिलं, आणि कौतुकानं मान हलवली. मग तिच्या हातात नवं कोरं कार्ड दिलं. लिमिट चार लाख.

शकुननं ती शाल भर उकाड्यात संध्याकाळपर्यंत काढली नाही. मीही तो फोटो गावात चार जणांना पाठवला. तिला कधीपासून फुलं ठेवायला काचेचं थंड कपाट पाहिजे होतं. त्या दिवशी ती दोनदा दुकानासमोरून त्याला पाहून आली.

दोनच दिवसांनी गीतांजली एसटीनं एकटी आली. उपड्या टोपलीवर बसली, सुई मागून घेतली आणि हार ओवायला लागली. बराच वेळ ती दुसरंच बोलली. मग म्हणाली की एका बँकेनं कार्ड बंद केलं, साखळी तुटली. दसऱ्याच्या आधी भरलं नाही तर वसुलीवाले शोरूमवर येतील आणि मनोजची नोकरी जाईल. ताईला नवीन कार्ड भेटलं असं ऐकलं.

"मंग पुढं?" शकुननं विचारलं.

"दिवाळीचा बोनस येते."

"आन त्याच्या पुढं?"

गीतांजलीनं सुई खाली ठेवली. "ताई, थांबलो की पडतो आमी."

"मंग पडा ना, पोरी," शकुन म्हणाली. "आमी हावो ना खाली. टीव्हीगिव्ही इकून टाक, पोट्टीले घे आन तिवश्याले ये. घर मोठं नाई, पन पडलं तं लागनार नाई."

गीतांजली उठली. ओवलेला हार तिनं शकुनच्या टोपलीत ठेवला आणि शेवटची गाडी पकडायला गेली. ती गेल्यावर शकुन रडली. दुसऱ्या दिवशी तिनं मशीन आणि कार्ड पिशवीत घातलं आणि तुमच्या शाखेत निघाली. नुसतं कार्ड द्यायला नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी म्हणालो. ती म्हणाली, "मनोजभाऊजी उद्या उभे राह्यले तं मी घासून देईन. मले माह्यावर भरोसा नाई."

शाखेतल्या साहेबासमोर तिनं दोन्ही वस्तू ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "इतकी फुलं मी इकलीच नाई." साहेबानं उठून दार लोटलं. असं बोलू नका म्हणाला, तुम्ही पहिल्या आहात, बोललात तर मला लिहावं लागेल. शकुन म्हणाली, "लिहा. म्हनून तं आली. शालबी वापस घ्या, धुतली हाये." त्यानं मशीन आणि कार्ड घेतलं. शाल घेतली नाही.

मग नवरात्र लागलं. साहेब, यंदा आमचं वावर पाहायला पाहिजे होतं तुम्ही. ओळीमागं ओळ, मधमाशांचा गुंजारव रस्त्यापर्यंत ऐकू येई. तोडणीच्या बाया कमरेपर्यंत झेंडूत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो भरला तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून नुसता पाहत उभा राहिला. एवढी फुलं मी आधी फक्त तुमच्या कागदांवर पाहिली होती. या फुलांना वास होता. शकुन पहाटेपासून उभी होती, गिऱ्हाइकांनी ठेल्यावरच्या कोडाला फोन लावून लावून खात्यात पैसे पाठवले, आणि संध्याकाळी ठेल्यावर एक पाकळी उरली नाही.

दुसऱ्या दिवशी बायांची मजुरी काढायला गेली तर खातं बंद. संशयास्पद व्यवहार, चौकशी होईल. कशावरून? तर खातेदारानं स्वतः येऊन सांगितलं त्यावरून. तिच्या जबानीवर तिलाच कुलूप. दसऱ्याचा सगळा पैसा आत.

त्याच आठवड्यात मनोजचा फोन आला. आवाज हलका झाला होता. त्याच्या एका कार्डाची लिमिट न मागता वाढली होती. कार्ड तुमच्याच बँकेचं. "दादा," तो म्हणाला, "वहिनीचं खातं अडकलं म्हनते. मजुरीचे पैसे मी देऊ का?"

अंगणात बाया बसल्या होत्या. मला राग यायला पाहिजे होता, पण आधी नवल वाटलं. एवढं मोठं नवल मी देवळातही पाहिलं नाही. जो बुडत होता त्याच्याखाली तुम्ही आणखी पाणी भरलं आणि त्याला वाटलं आपण तरंगून राहिलो. आणि जी काठावर येऊन खरं बोलली तिचे पाय तुम्ही धरले. मनोजला मी नाही म्हणालो. बायांना म्हणालो, थांबा. त्या थांबल्या आहेत. त्यांनी फुलं तोडली आहेत, कागद नाही.

शिक्षा पाहिजे तर द्या. जेवढे खोटे कागद निघाले तेवढ्यांची द्या, मनोजला द्या, आम्हालाही द्या, आणि त्यातले जे दोन दोन रुपये तुम्ही खाल्ले त्यांची तुम्हीही घ्या. पण फुलं नव्हती तेव्हा तुम्ही पैसे सोडले, शाल पांघरवली. फुलं होती, खरी, टेम्पोभर, तेव्हा पैसे अडवले. काहून?

शकुन सकाळपासून तुमच्या शाखेच्या पायरीवर बसली आहे. मी तिचा डबा घेऊन निघालो आहे. मी पोचायच्या आत तिला समोर बसवून सांगा, साहेब. काहून?