गादीची खुर्ची

आमच्या शिवणाच्या दुकानात गादीची खुर्ची एकच. जिची पाळी चालू, तिने खुर्चीत बसून शिवायचं आणि दुसरीने उभं राहून कापड बेतायचं, हा आम्हा नणंद-भावजयींचा जुना करार. पण हल्ली वहिनी पाळीच्या दुसऱ्याच दिवशी खुर्ची माझ्याकडे ढकलायची.

शेवटी मी भडकले. "माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची कीव नकोय मला!"

"कीव कसली, बाई? हल्ली पाळी नावालाच येते."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, "या वयात हार्मोन्स वरखाली होतात, पाळी कमी होत जाते. तरी थायरॉइड आणि गर्भाशय तपासू. दिवस गेले नाहीत ना, तेही बघू."

"अहो, मला नातू आहे!" वहिनी लाजून लाल झाली.

तपासण्या ठीक आल्या. सगळं वयाचंच होतं. दुकानात येताच तिने कात्री उचलली. "आता खुर्ची कायमची तुझी."

मी खुर्ची तिच्याच मागे सरकवली. "बस."

"अगं, मला आता त्रास होत नाही."

"नसू दे. गुमान बस. उभ्या माणसाशी भांडायला मला मजा येत नाही."